काचेत समुद्र बसवणारा फिलिप गॉस: रेफ्युजियम की प्रोटीन स्किमर?

इन्स्टाग्रामवर छोट्या रीफ टाकीची रील दिसते. निळा लाइट, डोलणारी प्रवाळं, मधूनच डोकावणारा क्लाउनफिश. आपल्यालाही हवीशी वाटते. मग ठाण्यातल्या किंवा डोंबिवलीतल्या वन बीएचकेत ती कुठे बसेल याचा हिशोब सुरू होतो, आणि लगेच पहिला प्रश्न येतो: रेफ्युजियम लावायचं की प्रोटीन स्किमर?

मी हा प्रश्न एका माणसाच्या आयुष्यावरून समजावणार आहे. त्याचं नाव फिलिप हेन्री गॉस. आज आपण ज्या अर्थाने 'ॲक्वेरियम' म्हणतो, त्या अर्थाने तो शब्द रूढ केला तो यानेच. त्याच्याकडे वीज नव्हती, पंप नव्हता, टेस्ट किट नव्हती. तरी आपल्याला जो प्रश्न पडतो तो त्याला 170 वर्षांपूर्वी पडला होता.

आधी दोन्ही गोष्टी समजून घेऊ

टाकीत मासे खातात, विष्ठा टाकतात, उरलेलं खाणं कुजतं. त्यातून अमोनिया होतो. टाकीतले बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट आणि फॉस्फेट साठत गेले की नको तिथे शेवाळ माजतं आणि प्रवाळं आजारी पडतात.

रेफ्युजियम म्हणजे मुख्य टाकीला जोडलेला वेगळा कप्पा. त्यात मुद्दाम शेवाळ वाढवायचं, बहुतेक वेळा केटोमॉर्फा, म्हणजे हिरव्या दोऱ्यांचा गुंता. ते नायट्रेट आणि फॉस्फेट शोषून वाढतं. वाढलेलं उपटून टाकलं की तेवढी घाण पाण्याबाहेर गेली.

स्किमर म्हणजे उभी नळी, त्यात अगदी बारीक बुडबुडे. डाळ शिजताना वर फेस येतो आणि आई तो डावाने काढून टाकते ना, तसंच काहीसं. पाण्यातली प्रथिनं बुडबुड्यांना चिकटतात, फेस होऊन वरच्या कपात जमतात, आणि आपण तो कप ओतून देतो.

फरक एका ओळीत: स्किमर बरीचशी घाण कुजण्याआधी काढतो, रेफ्युजियम कुजल्यानंतर उरलेलं उचलतं.

कारकून ते निसर्ग अभ्यासक

गॉसचा जन्म 6 एप्रिल 1810 रोजी इंग्लंडमधल्या वूस्टरचा. वडील छोटी व्यक्तिचित्रं रंगवणारे फिरते चित्रकार, त्यामुळे घरात पैशांची कायम ओढाताण. बालपण पूल या बंदराच्या गावात गेलं. 17व्या वर्षी तो न्यूफाउंडलंडला एका व्यापारी पेढीत कारकून म्हणून गेला. तिथे 1832 मध्ये त्याने सूक्ष्मदर्शकावरचं एक पुस्तक विकत घेतलं आणि किडे गोळा करायची सवय लागली, ती कायमचीच.

1835 मध्ये कॅनडात शेती करून पाहिली, जमली नाही. 1838 मध्ये अमेरिकेतल्या अलाबामात शाळामास्तर झाला. तिथली गुलामगिरी पाहून मन उठलं आणि तो इंग्लंडला परतला. 1844 ते 1846 जमैकात राहून त्याने तिथल्या पक्ष्यांवर काम केलं. कॉलेजची पदवी नाही, मोठ्या घराण्याचं नाव नाही, पण स्वतः लिहायचा आणि स्वतःच चित्रं काढायचा. 1848 मध्ये एमिली बाउझशी लग्न झालं, पुढच्या वर्षी मुलगा एडमंड जन्मला.

काचेच्या भांड्यातला प्रयोग

1852 च्या सुरुवातीला तब्येत बिघडली म्हणून गॉस लंडन सोडून डेव्हनच्या किनाऱ्यावर गेला. हातोडी आणि छिन्नी घेऊन तो ओहोटीच्या वेळी खडकांमधल्या डबक्यांत उतरायचा आणि समुद्रफुलं, खेकडे, शेवाळ घरी आणायचा. प्रश्न एकच: हे सगळं दोन दिवसांत मरू नये म्हणून काय करायचं?

रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने त्याआधी गोड्या पाण्यात एक गोष्ट दाखवली होती. मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवल्या तर पाणी न बदलताही बराच काळ टिकतं. वनस्पती ऑक्सिजन देतात, गोगलगायी कुजका पाला खातात. वॉरिंग्टन आणि गॉस दोघांनीही हीच कल्पना खाऱ्या पाण्यात करून पाहिली.

गॉसच्या लक्षात आलं की कुठलंही शेवाळ चालत नाही. किनाऱ्यावरचं मोठं तपकिरी शेवाळ टाकीत बुळबुळीत होऊन पाणीच नासवतं. उल्वासारखं पातळ हिरवं शेवाळ मात्र टिकतं. आज आपण रेफ्युजियमसाठी कौलर्पा सोडून केटोमॉर्फा निवडतो त्यामागे हेच कारण आहे. कौलर्पा कधीकधी एका रात्रीत विरघळून शोषलेलं सगळं पाण्यात परत सोडतं.

म्हणजे गॉसची टाकी हे रेफ्युजियमच होतं, फक्त वेगळा कप्पा नव्हता. त्याची मर्यादाही त्याला कळली होती. एखादा मेलेला प्राणी नजरेतून सुटला तर सगळी टाकी जायची, कारण कुजणं सुरू झालं की शेवाळाचा वेग पुरत नाही. म्हणून मेलेलं लगेच बाहेर काढा, असं तो वाचकांना बजावायचा. पाण्यात हवा मिसळावी म्हणून वरून थेंब थेंब पाणी टाकायची युक्तीही त्याने सांगितली. कुजणारं आधी बाहेर काढणं आणि हवा मिसळणं, ही दोन्ही कामं आज स्किमर करतो. ते यंत्र गॉस गेल्यावर कित्येक दशकांनी आलं, पण त्याची गरज त्याच्या टाकीतच दिसली होती.

लंडनला लागलेलं वेड

मे 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात फिश हाउस उघडलं. जगातलं पहिलं सार्वजनिक मत्स्यालय ते हेच. त्यासाठी गॉसने वेमथच्या किनाऱ्यावरून जिवंत प्राणी गोळा करून रेल्वेने पाठवले. आपल्या मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय त्यानंतर 98 वर्षांनी, 1951 मध्ये सुरू झालं.

1854 मध्ये गॉसचं 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि घरोघरी टाक्या आल्या. काचेवरचा कर 1845 मध्येच रद्द झाला होता, त्यामुळे काच परवडू लागली होती. समुद्रापासून लांब राहणाऱ्यांसाठी त्याने मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड मिसळून समुद्राचं पाणी बनवायची कृतीही दिली. आज आपण दुकानातून सॉल्ट मिक्सची पिशवी आणतो, ती याच कल्पनेची सुधारलेली आवृत्ती.

1856 मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. पण 1857 हे वर्ष वाईट गेलं. फेब्रुवारीत एमिली कर्करोगाने गेली. पृथ्वीचं वय आणि बायबल यांचा मेळ घालायला त्याने 'ओम्फॅलोस' लिहिलं, ते ना शास्त्रज्ञांना पटलं ना धार्मिकांना. लहान एडमंडला घेऊन तो डेव्हनला कायमचा राहायला गेला आणि पुन्हा डबक्यांत उतरला. ब्रिटिश समुद्रफुलं आणि प्रवाळं यांच्यावरचा त्याचा सचित्र ग्रंथ 1860 मध्ये पूर्ण झाला. त्याच वर्षी त्याने दुसरं लग्न केलं. 23 ऑगस्ट 1888 रोजी त्याचं निधन झालं.

मग आपल्या टाकीसाठी काय?

समजा टाकी 60 लिटरची आहे. माझं मत स्पष्ट आहे: इतक्या छोट्या टाकीत पहिला फिल्टर म्हणजे पाणी बदलणं. आठवड्याला 10 टक्के म्हणजे 6 लिटर पाणी. लिटरला साधारण 35 ग्रॅम मीठ धरलं तर 210 ग्रॅम लागतं. पाणी आरओचं घ्या. ठाणे खाडीचं पाणी आणायचा विचारही नको. ते गढूळ आणि प्रदूषित आहे, पावसाळ्यात त्याचा खारटपणाही उतरतो.

त्यानंतर निवड अशी करा.

मासे एक-दोनच, खाणं बेताचं आणि टाकीमागे किंवा खाली जागा आहे? रेफ्युजियम घ्या. आवाज जवळजवळ नाही, आणि त्यात कोपेपॉडसारखे बारीक जीव वाढतात, ते माशांचं ताजं खाणं होतं. त्याचा लाइट रात्री चालू ठेवा, म्हणजे मुख्य टाकी अंधारात असताना पीएच फार पडत नाही. मात्र शेवाळ नियमित छाटलं नाही तर सगळा उपयोग शून्य.

मासे जास्त, खाणं हात सैल सोडून, जागा कमी? स्किमर घ्या. एप्रिल-मेमध्ये कल्याणचा पारा चाळिशीला टेकतो. कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, तेव्हा स्किमरने मिसळलेली हवा कामी येते. त्रास म्हणजे आवाज, मिठाचे थर आणि कप वारंवार धुणं. ज्या खोलीत झोपता तिथेच टाकी असेल तर आवाजाचा विचार आधी करा.

वीज गेली की दोन्ही बंद. शिवाय अंधारात शेवाळ स्वतःच ऑक्सिजन वापरतं. म्हणून काहीही घेतलं तरी बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घरात हवाच.

गॉसला लागलेली बोच

शेवटचा मुद्दा मात्र यंत्राचा नाही. गॉसची पुस्तकं वाचून लोक हातोड्या घेऊन किनाऱ्यांवर तुटून पडले. काही वर्षांतच डेव्हनची भरलेली डबकी ओकी झाली. याला आपणच कारण झालो, याचं वडिलांना फार दुःख होतं, असं एडमंडने 1907 मध्ये वडिलांवरच्या पुस्तकात नोंदवलं आहे.

आपल्याकडे याचं उत्तर कायद्यात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत 2001 पासून खडक बांधणारी सगळी कठीण प्रवाळं, काळी प्रवाळं आणि समुद्रपंखे आहेत. समुद्रघोडेही आहेत. म्हणजे वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. मुंबईच्या कोस्टल रोडच्या कामात हाजी अली आणि वरळीची प्रवाळं 2020 मध्ये हलवली, तीसुद्धा वनखात्याची परवानगी काढूनच. दुकानदार कागदाशिवाय जिवंत प्रवाळाचा तुकडा देत असेल तर घेऊ नका. नंतर अडकाल तुम्हीच.

मालवणच्या समुद्रातलं काही न तोडताही सुंदर टाकी होते. ऐरोलीला, ठाणे खाडीच्या काठावर, मँग्रोव्ह फाउंडेशनच्या केंद्रात क्लाउनफिशसारख्या शोभेच्या समुद्री माशांची पैदास केली जाते. मासे घेताना असे हॅचरीतलेच मागा. हॅचरीतला क्लाउनफिश, कृत्रिम खडक आणि केटोमॉर्फाचा एक गुच्छ, एवढ्यावर सुरुवात करा. सहा महिने ही टाकी नीट चालली की स्किमरची गरज आहे की नाही, हे तुमची नायट्रेटची टेस्टच सांगेल.