जेम्स मॅडिसन : सत्तेची विभागणी आणि हक्कांची सनद

अमेरिकेच्या संविधानाचे जनक मानले जाणारे जेम्स मॅडिसन प्रारंभी नागरिकांच्या हक्कांच्या स्वतंत्र सनदेला फारसे अनुकूल नव्हते. पुढे त्या सनदेचा मसुदा त्यांनीच मांडला. हे परिवर्तन त्यांच्या सार्वजनिक जीवनाचा गाभा आहे.

१६ मार्च १७५१ रोजी व्हर्जिनियात जन्मलेल्या मॅडिसन यांची अंगकाठी लहान, आवाज क्षीण आणि प्रकृती नाजूक होती. आज प्रिन्स्टन विद्यापीठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या महाविद्यालयातून १७७१ मध्ये त्यांनी पदवी घेतली. त्या काळी व्हर्जिनियात बाप्टिस्ट धर्मोपदेशकांना केवळ प्रवचन केल्यामुळे तुरुंगवास घडत असे. या अन्यायाने तरुण मॅडिसन व्यथित झाले. १७७६ मध्ये व्हर्जिनियाच्या हक्कांच्या घोषणापत्रात केवळ धार्मिक सहिष्णुतेचे आश्वासन देण्याचे योजिले होते. सहिष्णुता ही राज्यकर्त्यांची कृपा ठरते, हे ओळखून मॅडिसन यांनी तेथे धर्माचरणाच्या स्वातंत्र्याचा समान हक्क नोंदवून घेतला.

स्वातंत्र्यानंतर १३ राज्यांचा संघ दुबळा ठरला. केंद्राला कर बसवण्याचाही अधिकार नव्हता. १७८७ मध्ये फिलाडेल्फिया येथे भरलेल्या परिषदेस मॅडिसन प्राचीन व अर्वाचीन राज्यसंघांचा अभ्यास करून आले. राज्यांचे कायदे रद्द करण्याचा अधिकार केंद्राला असावा, हा त्यांचा आग्रह परिषदेने फेटाळला. मात्र त्यांच्या चिंतनाचा ठसा संविधानावर उमटला. केंद्राकडे मोजके, नमूद केलेले अधिकार आले आणि राज्ये आपापल्या क्षेत्रात स्वायत्त राहिली. कायदेमंडळ, राष्ट्राध्यक्ष आणि न्यायसंस्था यांना परस्परांवर अंकुश ठेवता येईल अशी रचना झाली.

अशी विभागणी हेच नागरिकांचे खरे संरक्षण, असे मॅडिसन यांना वाटे. बहुमत अनावर झाले की कागदावरचे हक्क निष्प्रभ ठरतात, हे त्यांनी राज्यांच्या कारभारात पाहिले होते. तथापि हक्कांच्या सनदेअभावी अनेकांचा नव्या संविधानावर विश्वास बसेना. जून १७८८ मध्ये व्हर्जिनियाने ते ८९ विरुद्ध ७९ अशा निसटत्या बहुमताने स्वीकारले. पॅरिसहून जेफरसन यांनीही पत्रांद्वारे सनदेचा आग्रह धरला. १७८९ मध्ये जेम्स मन्रो यांच्याविरुद्ध निवडणूक लढवताना मॅडिसन यांनी मतदारांना सनदेचे वचन दिले आणि ८ जून १७८९ रोजी प्रतिनिधिगृहात दुरुस्त्या मांडून ते पाळले. काँग्रेसने राज्यांकडे १२ दुरुस्त्या पाठवल्या. त्यांपैकी १० दुरुस्त्या १५ डिसेंबर १७९१ रोजी संमत झाल्या.

यात त्यांना सर्वांत मोलाचे वाटणारे कलम मात्र नव्हते. सदसद्विवेकबुद्धी, वृत्तपत्रे आणि ज्यूरीपुढील खटला यांविषयीचे हक्क राज्य सरकारांनीही मोडू नयेत, असे ते कलम होते. प्रतिनिधिगृहाने ते मान्य केले, परंतु सिनेटने गाळले. परिणामी हक्कांची सनद केवळ केंद्रालाच बांधील राहिली.

१७९८ मध्ये सरकारवरील टीका दंडनीय ठरवणाऱ्या कायद्याविरुद्ध व्हर्जिनिया विधिमंडळाचा ठराव मॅडिसन यांनीच लिहिला. १८०९ ते १८१७ या काळात ते राष्ट्राध्यक्ष होते. १८१४ मध्ये ब्रिटिश सैन्याने वॉशिंग्टनमधील राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान जाळले. युद्धाच्या त्या काळातही त्यांनी टीकाकारांची मुस्कटदाबी केली नाही.

त्यांच्या विचारातील मोठी विसंगती त्यांच्याच घरी होती. माँटपेलियर येथील त्यांच्या मळ्यावर शंभराहून अधिक गुलाम राबत. गुलामगिरी अन्यायकारक असल्याचे मान्य करूनही त्यांनी मृत्युपत्राद्वारे त्यांना मुक्त केले नाही. २८ जून १८३६ रोजी त्यांचे निधन झाले.

यादवी युद्धानंतर १८६५ मध्ये गुलामगिरी संपुष्टात आली. १८६८ च्या १४ व्या दुरुस्तीने राज्यांवरही बंधन घातले, आणि सनदेतील बहुतेक हक्क राज्यांना लागू होण्यास विसावे शतक उजाडले. भारतीय संविधानाने हा प्रश्न प्रारंभीच सोडवला. अनुच्छेद १२ मधील व्याख्येनुसार केंद्र सरकार, राज्य सरकारे आणि स्थानिक प्राधिकरणे ही सर्वच मूलभूत हक्कांनी बांधलेली आहेत. सिनेटने गाळलेल्या कलमामागची मॅडिसन यांची चिंता येथे पहिल्या दिवसापासून संविधानाच्या मजकुरात दिसते.