हातांनी जपलेले ख्रिस्तपुराण



आपल्या धर्मशिक्षण वर्गातील मुलांना प्रार्थनेचे पुस्तक सहज मिळते. एक फाटले तर दुसरे आणता येते. पण ज्या ग्रंथामुळे आपल्या मराठी बोलीत येशूची कथा प्रथम सविस्तर गायिली गेली, तो ग्रंथ केवळ हाताने लिहिणाऱ्यांमुळे वाचला. त्याचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स यांची आज आपण ओळख करून घेऊ या.

फादर स्टीफन्स यांचा जन्म १५४९ साली इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. रोमला जाऊन १५७५ साली त्यांनी येशूसंघात प्रवेश केला. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून त्यांचे जहाज निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोचले. पुढची चाळीस वर्षे त्यांनी गोव्यात, मुख्यतः साष्टीत, सेवा केली. मायदेशी ते परत गेले नाहीत. लोकांजवळ बसून ते मराठी आणि कोकणी शिकले.

मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग चालू असताना एका ब्राह्मण गृहस्थाने त्यांना विचारले, की जुनी पुराणे आम्ही सोडली, तर त्यांच्या जागी आम्हांला वाचायला काय देता? ग्रंथाच्या आरंभीच हा प्रसंग येतो. त्याचे उत्तर म्हणून फादरांनी सुमारे ११ हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले. पहिल्या भागात जुना करार, दुसऱ्यात प्रभू येशूचे चरित्र.

मराठी अक्षरांत छापण्याची त्यांची फार इच्छा होती. १६०८ साली त्यांनी रोमला तसे पत्र लिहिले. पण जोडाक्षरांमुळे शेकडो साचे पाडावे लागणार होते. ते जमले नाही. अखेर १६१६ साली रायतूर येथे ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला. १६१९ साली फादर स्टीफन्स प्रभूघरी गेले.

त्यानंतर आणखी दोनदा ग्रंथ छापला गेला. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषांवर बंदी घातली. त्या छापील ग्रंथांची एकही प्रत आजवर सापडलेली नाही. मग ग्रंथ उरला कसा? घरोघरच्या भाविकांनी तो हाताने उतरवून घेतला. गोवा सोडून कानडा मुलखात गेलेल्या कुटुंबांनी या वह्या बरोबर नेल्या आणि उपासकाळात त्या वाचल्या. अशाच हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळूरला ग्रंथ पुन्हा छापला गेला. एक देवनागरी हस्तलिखित लंडनच्या ग्रंथालयात आहे. त्या लेखकांपैकी बहुतेकांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत.

आपल्या हेमलकसाच्या रानात बांबू आहे, डिंक आहे. पूर्वीचे लोक बोरूचे टोक तिरके कापून लेखणी करीत, दिव्याचे काजळ डिंकाच्या पाण्यात घोटून शाई करीत. सुट्टीत मुलांना हे करायला शिकवू या. आधी रेघा आखाव्यात, मग शुभवर्तमानातील एक उतारा सावकाश लिहावा. अक्षर चुकले तर पुन्हा लिहावे. हाताने लिहिलेले सहसा विसरत नाही.

आणि एक पान माडियातही लिहू द्यावे. आजीच्या तोंडच्या कितीतरी गोष्टी अजून कोणत्याही कागदावर उतरलेल्या नाहीत. परक्या देशातून आलेल्या एका धर्मगुरूने आपली भाषा जिवापाड जपली. आपल्या घरातली भाषा आपणच जपायला हवी.