रावळगावच्या गोळीमागचा माणूस

टिटवाळा, खास प्रतिनिधी

संकष्टीला किंवा अंगारकीला टिटवाळ्याच्या महागणपतीच्या दर्शनाला जाणाऱ्यांना रस्त्याच्या दुतर्फा पेढे, मोदक, साखरफुटाणे आणि बत्ताशांच्या पराती दिसतात. शेकडो दुकाने, पण माल बहुधा एकच. अशा गर्दीत एखाद्या तरुणाच्या मनात आले की आपण काही वेगळे करावे, कोकमाची, करवंदाची, कैरीची किंवा गवती चहाच्या स्वादाची गोळी बाजारात आणावी, तर त्यात नवल नाही. कल्याण-डोंबिवली परिसरात घरगुती खाद्यपदार्थांचा व्यवसाय करणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि नवा स्वाद ही त्यांच्या हातातली सर्वांत स्वस्त पुंजी आहे. मात्र गोळी हा वरवर क्षुल्लक वाटणारा जिन्नस विकायचा म्हणजे काय करावे लागते, याचा वस्तुपाठ महाराष्ट्रात फार पूर्वीच घालून दिला गेला आहे. टिटवाळ्यावरून कसारा घाट चढून जाणारा लोहमार्ग पुढे नाशिक-मनमाडला जातो. तेथून मालेगाव तालुक्यात गेले की रावळगाव लागते. मराठी घरांतल्या कित्येक पिढ्यांच्या जिभेवर या गावाचे नाव गोळीच्या रूपाने विरघळले. हे गाव उद्योगाच्या नकाशावर आणणारे गृहस्थ म्हणजे शेठ वालचंद हिराचंद.

वालचंदांचे नाव घेतले की जहाज, विमान आणि मोटार आठवते. गोळीचा उल्लेख त्यांच्या चरित्रात आला तरी ओझरताच येतो. परंतु त्यांच्या उद्योगशैलीचे मर्म या छोट्याशा जिनसात जितके स्वच्छ दिसते, तितके मोठ्या कारखान्यांतही दिसत नाही.

सोलापूरचा कंत्राटदार

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. मूळच्या सौराष्ट्रातल्या या जैन दोशी कुटुंबाने सोलापूर भागात बस्तान बसवले होते. वडील हिराचंद नेमचंद यांचा कापसाचा व्यापार आणि सावकारी होती. वालचंदांचे शालेय शिक्षण सोलापुरात आणि पुढचे मुंबई-पुण्यात झाले. पदवी मात्र पुरी झाली नाही. घरच्या धंद्यात ते आले, पण पिढीजात पेढीवर बसून व्याजाचा हिशेब मांडण्यात त्यांचे मन रमेना.

याच सुमारास त्यांची गाठ लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी पडली. फाटक हे पूर्वी रेल्वेत कारकून होते. कामाची बारीकसारीक माहिती त्यांच्याकडे होती, भांडवल उभे करण्याची ताकद वालचंदांच्या घराण्याकडे होती. दोघांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या विस्ताराचे काम घेतले. एकाकडे जाणकारी आणि दुसऱ्याकडे पैसा, अशी ही जोडी होती. आजही नवा धंदा काढू पाहणाऱ्याने भागीदार कसा निवडावा, याचे याहून सोपे उदाहरण सापडणे कठीण आहे.

फाटक-वालचंद या जोडनावाने कंत्राटे मिळत गेली. पुढे टाटांबरोबर टाटा कन्स्ट्रक्शन कंपनी उभी राहिली. १९२०च्या दशकात बोरघाटातल्या बोगद्यांचे काम झाले, त्यामुळे खंडाळ्याजवळ गाडीची दिशा उलटी करण्याची जुनी कटकट १९२९ मध्ये संपली. शहापूर तालुक्यातल्या तानसा तलावापासून मुंबईपर्यंत जलवाहिनी टाकण्याचे कामही वालचंदांच्या नावावर आहे. कल्याण जंक्शनवर लोहमार्गाचे दोन फाटे होतात. एक कर्जतकडे बोरघाटाच्या पायथ्याला जातो, तर दुसरा टिटवाळ्यावरून तानसाच्या परिसराकडे. दोन्ही वाटांवर या माणसाचा घाम सांडलेला आहे. १९२६ मध्ये त्यांनी स्थापन केलेली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी पुढे देशातल्या मोठ्या बांधकाम कंपन्यांत गणली गेली.

जहाजापासून मोटारीपर्यंत

पहिले महायुद्ध संपल्यावर ग्वाल्हेरच्या महाराजांचे लॉयल्टी हे जहाज विक्रीस निघाले. वालचंदांनी नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांसह ते घेतले आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचा पाया घातला. ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून इंग्लंडकडे निघाली. हा दिवस १९६४ पासून राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. इंग्रजी कंपन्यांनी भाडे पाडून सिंदियाला बुडवण्याचा प्रयत्न केला. अखेर १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार करावा लागला. सिंदियाच्या वाढीला त्यात मर्यादा घालण्यात आल्या होत्या. करार जाचक होता, पण कंपनी जगली. बलाढ्य प्रतिस्पर्धी किंमत पाडतो तेव्हा आपले घर शाबूत ठेवून वेळ काढणे हाही धंद्याचाच भाग असतो, हे वालचंदांना तेव्हा उमगले असावे.

१९४० च्या डिसेंबरात म्हैसूर सरकारच्या साह्याने बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. दोन वर्षांच्या आत, युद्धाची गरज म्हणून, सरकारने तिचा ताबा घेतला. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणम येथे डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते जहाज बांधणीच्या कारखान्याची पायाभरणी झाली. तेथे बांधलेल्या जलउषा या जहाजाचे जलावतरण १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. १९५२ मध्ये या कारखान्याची सूत्रेही सरकारकडे गेली. १९४४ मध्ये स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्याला उभा राहिला. तिची पद्मिनी मुंबईची टॅक्सी म्हणून प्रसिद्ध झाली आणि २०२३ मध्ये शहराच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. १९९०च्या दशकात याच कंपनीच्या कल्याण-डोंबिवली परिसरातल्या कारखान्यात काही काळ प्यूजो मोटारीही तयार होत होत्या. हा इतिहास अनेकांना ठाऊक आहे. त्यामानाने रावळगावची कथा कमी सांगितली गेली.

माळरानावरची साखर

नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ रावळगावची जमीन वालचंदांनी घेतली तेव्हा ती खडकाळ, मुरमाड होती. दगड काढणे, माती पसरणे, पाण्याची सोय करणे आणि मग ऊस लावणे, असे हे दीर्घ काम होते. बांधकामाच्या कंत्राटदाराला खडक फोडण्याचे भय नसते. शेतीकडेही वालचंदांनी बहुधा त्याच नजरेने पाहिले. पुढे पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातल्या कळंब येथेही असेच माळरान लागवडीखाली आले. तेथे साखर कारखाना उभा राहिला आणि त्या वसाहतीला वालचंदनगर हे नाव मिळाले.

या उपक्रमाला काळाची साथ होती. परदेशी साखरेच्या, विशेषतः जावाच्या साखरेच्या आयातीपुढे देशी कारखाने टिकत नव्हते. १९३२ मध्ये साखर उद्योगाला जकातीचे संरक्षण देणारा कायदा झाला आणि देशभर कारखाने उभे राहू लागले. रावळगाव शुगर फार्म ही कंपनी १९३३ मध्ये नोंदली गेली. आपल्याच मळ्यात ऊस, आपल्याच चरकात रस, आपल्याच कारखान्यात साखर, अशी ही साखळी होती. तिचा पुढचा दुवा म्हणजे गोळी. १९४२ मध्ये रावळगावात गोळ्यांचे उत्पादन सुरू झाले.

ते साल लक्षात घेण्याजोगे आहे. दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. विलायती मालाची आवक मंदावली होती. साखरेवर सरकारी नियंत्रण आले होते. पोत्यातली साखर कुणाच्या कारखान्याची, हे गिऱ्हाईक विचारत नाही. गोळी मात्र नावाने मागितली जाते. साखरेचा भाव बाजार किंवा सरकार ठरवते, पण नाव असलेल्या गोळीचा भाव काही प्रमाणात तरी मालकाच्या हाती राहतो. व्यवहाराच्या दृष्टीने पाहता साखर कारखान्याने गोळीकडे वळण्यामागे हेच गणित असते.

गोळीबंद पाकाचे शास्त्र

मराठी स्वयंपाकघराला एकतारी पाक ठाऊक आहे, तसाच गोळीबंदही. कारखान्यातली कडक गोळी याच पाकाची पुढची पायरी. साखर आणि द्रव ग्लुकोज पाण्यात विरघळवून सुमारे दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतात. त्यात जेमतेम दोन-तीन टक्के पाणी उरते. नुसत्या साखरेचा पाक थंड होताना पुन्हा दाणेदार होतो. ग्लुकोज हे होऊ देत नाही, म्हणून गोळी काचेसारखी पारदर्शक राहते. पाक किंचित निवल्यावर त्यात आंबटपणासाठी सायट्रिक आम्ल, रंग आणि स्वाद मिसळतात. स्वाद फार गरम पाकात घातला तर उडून जातो. फार उशिरा घातला तर तो सगळीकडे सारखा पसरत नाही. त्यानंतर साच्यातून गोळ्या पाडायच्या आणि लगेच कागदात गुंडाळायच्या.

या शेवटच्या पायरीवर नवशिका फसतो. कडक गोळी हवेतला ओलावा शोषून घेते. कोकणपट्टीतल्या पावसाळ्यात ती दोन दिवसांत चिकट होते. ताज्या फळाचा गर घातला की पाण्याचे प्रमाण बदलते आणि सगळे गणित बिघडते. म्हणून करवंदाची किंवा कोकमाची गोळी करू पाहणाऱ्याने आधी वेष्टन, ओलावा आणि टिकाऊपणा यांचा विचार करायला हवा. चव हा नंतरचा प्रश्न आहे.

वालचंदांच्या पश्चात रावळगावच्या गोळ्यांचे अनेक प्रकार लोकप्रिय झाले. मँगो मूड, कॉफी ब्रेक, टुटी फ्रुटी ही त्यांतली काही नावे. पण खरा नवलाचा स्वाद होता पान पसंदचा. जेवणानंतरचा विडा, तोही कात-चुन्याविना, सुपारीविना आणि पिचकारीविना, गोळीत बसवण्याची ही कल्पना होती. परदेशी फळांच्या नकला करण्याऐवजी आपल्याच माणसांच्या सवयीतून स्वाद उचलला, म्हणून तो पटकन ओळखीचा वाटला. दूरदर्शनच्या काळातल्या तिच्या जाहिराती आजही अनेकांच्या स्मरणात आहेत. स्वाद नवा असावा, पण अनोळखी नसावा, हा धडा त्यात आहे.

नावाची किंमत

१९४९ मध्ये वालचंदांना पक्षाघाताचा झटका आला. पुढच्याच वर्षी ते कामातून निवृत्त झाले. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. २००४ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. विमानाचा कारखाना त्यांच्या हयातीतच सरकारकडे गेला आणि जहाजाचाही. सिंदिया कंपनी पुढे अस्तंगत झाली, पद्मिनी रस्त्यावरून उतरली. रावळगावची गोळी मात्र बरणीत टिकून होती.

तिचीही वेळ आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये रावळगाव शुगर फार्मने आपल्या गोळ्यांची व्यापारचिन्हे, कृती आणि संबंधित हक्क रिलायन्स कन्झ्युमर प्रॉडक्ट्स या कंपनीला २७ कोटी रुपयांना विकले. जमीन, इमारती आणि यंत्रसामग्री मूळ कंपनीकडेच राहिली. कच्चा माल, वीज आणि मजुरी यांचा खर्च वाढत गेला, त्या प्रमाणात गोळीची किंमत वाढवता आली नाही, आणि संघटित तसेच असंघटित स्पर्धकांनी बाजार काबीज केला, अशी कारणे कंपनीने दिली होती.

या व्यवहाराकडे दोन बाजूंनी पाहता येते. ज्या नावांनी महाराष्ट्राच्या अनेक पिढ्यांचे बालपण गोड केले, त्यांचे मोल २७ कोटीच व्हावे याची हळहळ वाटते. मुंबईत काही प्रशस्त सदनिका याहून अधिक किमतीला विकल्या जातात. दुसऱ्या बाजूने, विकत घेणाऱ्याला ना चिमणी हवी होती, ना कढई. त्याला हवे होते नाव आणि कृती. खडकाळ माळ फोडून उभ्या केलेल्या उद्योगात सर्वांत हलकी वस्तू हीच सर्वांत विकाऊ ठरली.

गोळीचा धंदा योजणाऱ्याने या दोन्ही बाजू वहीत लिहून ठेवाव्यात. पन्नास पैसे, एक रुपया अशा नाण्याला बांधलेल्या वस्तूची किंमत वाढवणे महाकठीण असते. रुपयाची गोळी सव्वा रुपयाला विकता येत नाही. ती दोन रुपयांना तरी विकावी लागते किंवा आकाराने लहान करावी लागते. लहान उत्पादकाने या नाण्याच्या बाजारात मोठ्यांशी झुंजू नये. त्याने डबी, पुडा, प्रवासातली भेट, देवस्थानचा प्रसाद अशी वेगळी वाट शोधावी. वालचंदांकडे ऊस होता, कारखाना होता आणि भावांची साथ होती. त्यांच्याही वारसांना नाण्याचे गणित सुटले नाही, तर बाजारभावाने साखर आणून कढई चढवणाऱ्याने ते आधीच मांडून पाहिलेले बरे.

याचा अर्थ कढई चढवूच नये असा नाही. फाटक आणि वालचंद यांनी पहिले काम घेतले तेव्हा पुढे बोगदे, जहाजे आणि विमाने येणार आहेत, हे दोघांनाही ठाऊक नव्हते. त्यांनी समोरच्या रुळांचा हिशेब नीट केला, एवढेच. टिटवाळ्याच्या देवळाबाहेर पेढ्यांच्या परातींशेजारी उद्या एखादी कोकमाच्या गोळ्यांची बरणी दिसली, तर तिच्या मालकानेही आधी वेष्टनाचा, ओलाव्याचा आणि सुट्या पैशांचा हिशेब केला असावा, अशी अपेक्षा. त्यानंतर चव चाखायला भाविक आहेतच.