जहांगीर टाटा : अंतर आणि वेळ यांचा हिशेब

पॅरिस व जिनिव्हा ही युरोपखंडातील दोन प्रसिद्ध नगरे होत. त्यांच्यामधील हवाई अंतर सुमारे ४०० किलोमीटर असून हल्लीचे विमान ते तासाभरात किंवा त्याहून किंचित अधिक वेळात आक्रमिते. जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचा जन्म यांपैकी पॅरिस येथे २९ जुलै १९०४ रोजी झाला व जिनिव्हा येथे २९ नोव्हेंबर १९९३ रोजी त्यांनी देह ठेवला. मधल्या ८९ वर्षांत त्यांनी आपल्या देशास आकाशमार्ग खुला करून दिला. त्यांचे चरित्र आम्ही विद्यार्थिमित्रांपुढे थोडक्यात ठेवीत आहो.

जहांगीर यांचे वडील पारशी व आई फ्रेंच होती. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर हार्देलो गावी हे कुटुंब उन्हाळ्यात राहावयास जाई. तेथेच लुई ब्लेरियो यांचेही घर होते. १९०९ साली इंग्लिश खाडी सुमारे ३७ मिनिटांत विमानाने ओलांडणारे वीर ते हेच. त्यांच्या सान्निध्याने बालमनात विमानाची ओढ उत्पन्न झाली. पुढे मुंबईस उड्डाणाचे शिक्षण घेऊन १० फेब्रुवारी १९२९ रोजी जहांगीर यांनी वैमानिकाचा परवाना मिळविला. हिंदुस्थानात दिला गेलेला तो पहिलाच परवाना होय.

आगाखान यांनी हिंदुस्थान व इंग्लंड यांमधील अंतर एकट्याने उडून जाणाऱ्या हिंदी वैमानिकास बक्षीस जाहीर केले. १९३० साली जहांगीर कराचीहून निघाले, तर अवघ्या १७ वर्षांचे अ‍ॅस्पी इंजिनियर इंग्लंडहून निघाले. ईजिप्तमध्ये अबूकीर येथे दोघांची गाठ पडली. अ‍ॅस्पी यांचे विमान इंजिनाच्या प्लगांवाचून अडून बसले होते. शर्यतीत एकेक तास मोलाचा असताही जहांगीर यांनी आपल्याजवळचे जादा प्लग प्रतिस्पर्ध्यास देऊन टाकले. परिणामी अ‍ॅस्पी थोडक्या अवधीने आधी पोहोचले व बक्षीस त्यांस मिळाले. हेच अ‍ॅस्पी १९६० साली भारतीय वायुदलाचे प्रमुख झाले.

बक्षीस गेले, तथापि उत्साह गेला नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी सुमारे २५ किलो टपाल घेऊन जहांगीर लहानशा विमानातून कराचीहून एकटे निघाले आणि अहमदाबादेस उतरून दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी जुहूस आले. याच टपालसेवेतून पुढे एअर इंडिया उदयास आली. ८ जून १९४८ रोजी तिचे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हा या मार्गे लंडनला निघाले. १९८२ साली, वयाच्या ७८व्या वर्षी, जहांगीर यांनी कराची ते मुंबई हा आपला जुना प्रवास पुन्हा एकट्याने केला. १९९२ साली त्यांस भारतरत्न ही पदवी अर्पण करण्यात आली.

परभणी स्थानकावर आगगाडीची वाट पाहताना आम्हांसही अंतर आणि वेळ यांचा हिशेब करावा लागतो. जहांगीर यांनी तो आयुष्यभर मिनिटामिनिटाने केला. परंतु अबूकीर येथे अडलेल्या सोबत्यासाठी आपला लाभ त्यांनी हिशेबात धरला नाही. परीक्षेस अथवा क्रीडांगणावर उतरताना आमच्या मुलामुलींनी हा प्रसंग अवश्य स्मरावा. त्या शर्यतीतील बक्षिसाची रक्कम आज फारशी कोणास आठवत नाही. ते प्लग मात्र लोकांच्या स्मरणात राहिले आहेत.