गटाच्या बळावर दिल्ली गाठणारा लोकनेता : सदाशिवराव मंडलिक

मुरगूड : कोल्हापूर जिल्ह्यात पक्षापेक्षा गट मोठा मानला जातो. कागल तालुक्यात तर हा जणू नियमच. मंडलिक गटाचे प्रमुख, चार वेळा आमदार आणि चार वेळा खासदार राहिलेले सदाशिवराव दादोबा मंडलिक यांची कारकीर्द म्हणजे या राजकारणाच्या सामर्थ्याचा आणि मर्यादांचाही आलेख होय.

७ ऑक्टोबर १९३४ रोजी जन्मलेल्या मंडलिकांच्या पाठीशी राजघराण्याची पुण्याई नव्हती. वेदगंगाकाठचा शेतकरी आणि गावोगावचा कार्यकर्ता हेच त्यांचे भांडवल होते. १९७२ मध्ये ते कागलमधून प्रथम विधानसभेवर निवडून आले. पुढे कागलच्या घाटगे घराण्यातील विक्रमसिंह घाटगे यांनी मतदारसंघ काबीज केला आणि राजे गट विरुद्ध मंडलिक गट हा संघर्ष घराघरांत पोचला. तथापि, १९८५, १९९० आणि १९९५ अशा सलग तीन निवडणुका जिंकून मंडलिकांनी आपली पकड सिद्ध केली. राज्यमंत्री म्हणूनही त्यांनी काम पाहिले.

त्यांच्या राजकारणाच्या केंद्रस्थानी पाणी होते. दूधगंगा, वेदगंगा आणि चिकोत्रा या नद्या तालुक्यातून वाहत असल्या, तरी उन्हाळ्यात शिवारे कोरडी पडत. काळम्मावाडी धरणाचे पाणी आपल्या भागातील शेतापर्यंत पोचावे, यासाठी त्यांनी सातत्याने पाठपुरावा केला. पाणी आले की ऊस येतो आणि ऊस आला की कारखान्याची गरज भासते. कागलमध्ये विक्रमसिंहांनी उभारलेला शाहू कारखाना होता. मंडलिकांनी हमिदवाडा येथे सहकारी साखर कारखाना उभा केला. मुरगूडमध्ये त्यांच्याच नावाचे महाविद्यालय सुरू झाल्याने परिसरातील मुलामुलींना पदवीचे शिक्षण गावाजवळ मिळू लागले. अर्थात, ऊस कोणत्या कारखान्याला जातो यावरून माणसाचा गट ओळखला जाऊ लागला, ही या संस्थात्मक राजकारणाची दुसरी बाजूही नाकारता येत नाही.

१९९८ मध्ये ते काँग्रेसतर्फे लोकसभेवर गेले. १९९९ मध्ये शरद पवार यांच्यासमवेत राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये दाखल होऊन त्यांनी पुन्हा विजय मिळविला आणि २००४ मध्येही जागा राखली. त्यांच्याच तालमीत घडलेले हसन मुश्रीफ यांनी याच काळात विधानसभेत स्थान मिळविले. मात्र, पुढे दोघांत दुरावा निर्माण झाला आणि वर्षानुवर्षे एकदिलाने राबलेले कार्यकर्ते परस्परांसमोर उभे ठाकले.

२००९ ची निवडणूक ही त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी कसोटी ठरली. पक्षाने त्यांना उमेदवारी नाकारून संभाजीराजे छत्रपती यांना रिंगणात उतरविले. शाहू महाराजांच्या वंशजाविरुद्ध, सत्ताधारी पक्षाविरुद्ध आणि तेही वयाच्या पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर अपक्ष म्हणून लढणे हे धाडसच होते. वयावरून झालेली टीका आणि म्हाताऱ्या बैलाची उपमा त्यांच्या विरोधकांवरच उलटली. आयुष्यभर राबलेल्या बैलाला बाजार दाखविणे शेतकऱ्याला रुचणारे नव्हते. मंडलिक विजयी झाले. शेजारच्या हातकणंगलेत राजू शेट्टी यांनीही बाजी मारल्याने जिल्ह्यातील दोन्ही जागा राष्ट्रवादीच्या हातून निसटल्या. निवडून आल्यानंतर मंडलिकांनी काँग्रेसला साथ दिली.

फेब्रुवारी २०१५ मध्ये, वयाच्या ८० व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यापूर्वी २०१४ मध्ये त्यांचे पुत्र संजय मंडलिक शिवसेनेतर्फे लोकसभेला पराभूत झाले होते. २०१९ मध्ये तेच विजयी झाले आणि २०२४ मध्ये शाहू छत्रपती यांच्याकडून पुन्हा पराभूत झाले. वारसा म्हणून नाव मिळते, मतदारांचा विश्वास मात्र प्रत्येकाला नव्याने कमवावा लागतो, हेच या जय-पराजयातून दिसते. पक्षाने तिकीट नाकारल्यावरही ज्याच्यासाठी गावे उभी राहतात, असा नेता घडायला किती वर्षांची पायपीट लागते, याचे उत्तर मंडलिकांच्या कारकिर्दीत आहे.