विश्लेषण : जुन्या नकाशांतील कुरणे आणि मेजर पॉवेल यांचा न ऐकलेला इशारा

अमेरिकेत कोलोरॅडो आणि युटा राज्यांच्या सीमेवर, ग्रीन नदीकाठी ब्राऊन्स पार्क हे डोंगरांनी वेढलेले खोरे आहे. पाऊस कमी, वस्ती तुरळक आणि चराऊ कुरणांवर गुरे पाळणारे रँच. अशा दुर्गम खोऱ्यांचे जुने भू-उठाव नकाशे आज मोबाइलवर मोफत पाहता येतात. या नकाशांच्या मोहिमेमागे होते जॉन वेस्ली पॉवेल (१८३४-१९०२).

कोण होते पॉवेल?

न्यूयॉर्क राज्यात जन्मलेले पॉवेल पेशाने शिक्षक. १८६२ मध्ये यादवी युद्धात, शायलोच्या लढाईत त्यांनी उजवा हात गमावला. तरीही मे १८६९ मध्ये नऊ साथीदार आणि चार होड्या घेऊन ते ग्रीन नदीत उतरले. ब्राऊन्स पार्क मागे पडताच लोडोरच्या घळईत एक होडी फुटली. ग्रँड कॅन्यन पार केली तेव्हा पॉवेल धरून सहाच जण उरले होते. एकाने वाटेतच मोहीम सोडली होती. शेवटी वेगळे झालेले तिघे परतलेच नाहीत.

नकाशात काय असते?

१८८१ मध्ये पॉवेल अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले. १८८४ पासून देशभर नकाशांचे काम सुरू झाले. तपकिरी समोच्च रेषा जमिनीची उंची सांगतात, निळ्या रेषा पाणी दाखवतात. रेषा दाट असतील तिथे कडा, विरळ असतील तिथे सपाटी. झरा कुठे आणि कुरण कुठे, हे कागदावरच कळते.

इशारा कोणता?

सरकार तेव्हा प्रत्येक कुटुंबाला १६० एकरांचा चौकोनी तुकडा देत असे. वर्षाला २० इंचांहून कमी पाऊस पडतो तिथे हे चालणार नाही, असे पॉवेल यांनी १८७८ च्या अहवालात मांडले. गुरांसाठी २,५६० एकर हवेत, आणि सीमा पाणी पाहून आखाव्यात. नाहीतर ज्याच्या ताब्यात झरा, त्याचीच सगळी कुरणे होतील, ही त्यांची भीती होती.

पुढे काय झाले?

१८८८ मध्ये काँग्रेसने सिंचन सर्वेक्षण मंजूर केले. पण त्यासाठी जमीनवाटप थांबताच पश्चिमेकडील सिनेटर खवळले. १८९० मध्ये निधी कापला गेला आणि १८९४ मध्ये पॉवेल यांनी पद सोडले. नकाशांचे काम मात्र सुरूच राहिले. आज त्या नकाशांवर पाण्याच्या वळणदार निळ्या रेषा दिसतात आणि त्यांना कापत जाणाऱ्या, पॉवेल यांना नको असलेल्या सरळ सीमाही.