राससुंदरी देवी : वाचन आणि लेखन यांमधील अंतर

बंगाली भाषेतील पहिले आत्मचरित्र म्हणून ज्या ग्रंथाचा सामान्यतः निर्देश केला जातो, तो ‘आमार जीबन’ हा ग्रंथ एका अशा गृहिणीने लिहिला, जिला वाचावयास कोणीही रीतसर शिकविले नव्हते. राससुंदरी देवींचे हे चरित्र स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात नेहमी सांगितले जाते. तथापि त्यातील एका गोष्टीकडे पुरेसे लक्ष जात नाही. त्या वाचावयास शिकल्या आणि लिहावयास शिकल्या, या दोन घटनांमध्ये कित्येक वर्षांचे अंतर आहे. वाचन व लेखन ही एकाच विद्येची दोन अंगे आहेत असे आपण गृहीत धरतो. हे चरित्र त्या गृहीतकाचा फेरविचार करावयास लावते.

राससुंदरींचा जन्म १८०९च्या सुमारास पाबना जिल्ह्यातील पोताजिया या गावी एका सुखवस्तू कुटुंबात झाला. वडील लहानपणीच वारले. घराच्या बाहेरच्या भागात मुलांची शाळा भरत असे. एक गोरी बाई तेथे शिकवीत असे. मुले जमिनीवर अक्षरे काढीत आणि ती मोठ्याने म्हणत. लहानगी राससुंदरी आठव्या वर्षापासून तेथे बसू लागली, ती शिकण्यासाठी नव्हे, तर सांभाळण्याच्या सोयीसाठी. ती काही बोलत नसे आणि तिला कोणी काही विचारीतही नसे. परंतु अक्षरांचे ध्वनी तिच्या कानांत आणि आकृती तिच्या डोळ्यांत साठत गेल्या. पुढे आग लागून घर जळाले, शाळा बंद पडली आणि हा अबोल अभ्यासही संपला.

बाराव्या वर्षी विवाह होऊन त्या फरीदपूर भागातील रामदिया येथे आल्या. सासूबाईंची दृष्टी गेल्यावर मोठ्या कुटुंबाचा सारा स्वयंपाक एकट्या राससुंदरींवर येऊन पडला. अठराव्या वर्षापासून एकेचाळिसाव्या वर्षापर्यंत त्यांना बारा अपत्ये झाली आणि त्यांपैकी अनेकांचे मृत्यू त्यांना पाहावे लागले. चूल आणि मुले यांच्या धबडग्यात कधी कधी स्वतःच्या जेवणालाही सवड मिळत नसे. पडद्याचा संस्कार एवढा खोल रुजलेला होता की, अंगणात आलेल्या पतीच्या घोड्यासमोर जाण्याचाही त्यांना संकोच वाटे. स्त्रीने अक्षर हाती धरले तर वैधव्य येते, ही समजूत त्या काळी प्रबळ होती. बायका शिकू लागल्या म्हणजे कलियुग आले, असे गावातील वडीलधारे बोलत आणि ते त्यांच्या कानी पडे.

अशा घरात त्यांना पोथी वाचण्याचा ध्यास लागला. वयाच्या पंचविशीच्या आसपास त्यांना चैतन्यभागवत वाचीत असल्याचे स्वप्न पडले. पुढे पतीने त्या पोथीचा उल्लेख केला तेव्हा ती कोणती हे त्यांना कळले. सुट्या पानांच्या त्या पोथीतील एक पान त्यांनी काढून घेतले आणि स्वयंपाकघरात लपविले. मोठा मुलगा ज्या ताडपत्रावर अक्षरे गिरवीत असे, त्यांपैकीही एक पान त्यांनी मिळविले. आता एका हाती पोथीचे पान, दुसऱ्या हाती मुलाचे ताडपत्र आणि मनात बालपणी ऐकलेले ध्वनी, अशी तिहेरी जुळणी सुरू झाली. स्वयंपाक करता करता, पदराआड, एकेक अक्षर ओळखीत त्या वाचू लागल्या. नणंदांना हे कळले तेव्हा त्यांनी रोष न धरता आनंदच मानला.

येथे लक्षात घेण्यासारखे हे की, त्यांचे वाचन दुसऱ्याच्या लेखनातून उगवले. मूल अक्षर घडविते तेव्हा त्याच्या रेषा सुट्या आणि स्पष्ट असतात. पोथीतील सराईत अक्षराची उकल त्या कच्च्या अक्षराने करून दिली. तरीही राससुंदरींना स्वतः लिहिता येत नव्हते. याचे कारण बुद्धीत नाही, परिस्थितीत शोधावे लागते. वाचनाला एक पान आणि क्षणभराचा एकान्त पुरतो. ते लपविता येते. लेखनाला कागद, दौत आणि लेखणी लागते, हात मोकळे लागतात, बैठक लागते. शिवाय लेखनाची खूण मागे उरते. वाचणारी स्त्री अदृश्य राहू शकते, लिहिणारी राहू शकत नाही.

मुले शिकावयास दूर गेली तेव्हा त्यांची पत्रे येऊ लागली. आई वाचते, पण उत्तर देत नाही, याची एका मुलाने तक्रार केली आणि लेखनाचे साहित्य आणून देऊन लिहिण्याचा आग्रह धरला. पुढे पतीच्या आजारपणामुळे घर सोडून मुलाकडे मुक्काम करावा लागला. त्या काळात कामाचा भार हलका झाला आणि त्या लिहावयास शिकल्या. वाचनाची प्रेरणा भक्तीतून आली होती. लेखनाची प्रेरणा उत्तर देण्याच्या निकडीतून आली.

साठीच्या सुमारास, वैधव्य आल्यानंतर, त्यांनी आत्मचरित्र सिद्ध केले आणि वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, १८९७च्या सुमारास, त्याला वाढीव रूप दिले. त्यातील प्रकरणांच्या आरंभी ईश्वराला उद्देशून पद्यरचना येते. आयुष्यभर वाचलेल्या वैष्णव पोथ्यांची घडण अशा रीतीने त्यांच्या गद्यात उतरली आहे. मात्र पोथीत संताचे चरित्र असते, येथे चुलीपुढील स्त्रीचे आहे. वाचनाने दिलेल्या साच्यात लेखनाने वेगळा आशय भरला.

मराठी वाचकाला या संदर्भात रमाबाई रानडे यांच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणी सहज स्मरतील. घरातील स्त्रियांचा विरोध त्यांनाही सोसावा लागला. परंतु त्यांना शिकविणारे पती पाठीशी होते. राससुंदरींजवळ एक चोरलेले पान होते. त्या पानापासून स्वतःच्या ग्रंथापर्यंतचे अंतर कापण्यास त्यांना जवळजवळ पस्तीस वर्षे लागली. त्यांची वाचनाची भूक पोथीच्या एका पानावर भागली नाही. लेखणीसाठी मात्र मोकळ्या हातांची वाट पाहावी लागली. केवळ वाचता येणाऱ्यांची संख्या मोजून साक्षरतेचा हिशेब पुरा होत नाही, हे या चरित्राचे सांगणे आहे.